जोवर एक जण उभा आहे

अध्यक्षांनी हात वर केला तेव्हा त्यांच्या कोटाची उजवी बगल ओढली गेली, आणि तिथं अर्धा इंच जास्त सोडायला हवा होता हे मेंबरबाईंच्या ध्यानात आलं. कोट त्यांनीच शिवला होता. अध्यक्षांच्या मागोमाग सभागृहातले बाकीचे हातही वर गेले. कुणाचा सावकाश, कुणाचा खिडकीबाहेर बघत, कुणाचा मोबाइलवरची नजर न हलवता. त्यातल्या निम्म्या तरी बाह्या मेंबरबाईंच्या मशीनखालून गेलेल्या होत्या.

"विरोधात?" अध्यक्षांनी विचारलं.

मेंबरबाईंनी हात वर केला. नेहमीसारखा एकटाच.

"ठराव मंजूर," अध्यक्ष म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

ठराव साधा होता. नदी चढायच्या आत शहराच्या काठाला उंच भिंत बांधायची. पलीकडच्या काठाला, जिथं मेंबरबाई आणि त्यांची माणसं राहत होती, तिथं काही बांधायचं नाही. मेंबरबाईंनी सकाळपासून एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारला होता.

"भिंतीला आपटून पाणी जाणार कुठं?"

"पाणी आपली वाट शोधतं, बाई," पाणीखात्याचे साहेब नकाशाकडे बघत म्हणाले होते.

"ती वाट आमच्या घरांतून जाते, साहेब."

"जास्तीत जास्त लोकांचं रक्षण, हे शासनाचं पहिलं कर्तव्य," अध्यक्ष लहान मुलाला समजावावं तसे म्हणाले होते.

"मग उरलेल्यांचं रक्षण हे कुणाचं कर्तव्य? हात मोजून घर बुडवता येतं का हो?"

त्यावर सभागृहात कागदांची चाळवाचाळव झाली होती. एका तरुण सभासदानं तर मान खाली घातली होती. मेंबरबाईंना वाटलं होतं, लागलं बरं का कुठं तरी. पण हात वर करायची वेळ आली तेव्हा त्या तरुण सभासदाचाही हात वर होता, फक्त मान खाली होती इतकंच.

जिन्यात अध्यक्षांनी त्यांना गाठलं. माणूस वाईट नव्हता. दर वर्षी पुढ्यात येऊन कोटाचं माप देताना मेंबरबाईंच्या मुलाची चौकशी करायचा.

"मनाला लावून घेऊ नका, बाई. बहुमतापुढे कोण काय करणार? आणि तुम्ही लोक हुशार आहात. कराल काही तरी. आजवर केलंच आहे की." त्यांनी हात जरासा उचलून बगलेकडे बोट केलं. "हा कोट मात्र जरा..."

"पाठवून द्या. सैल करून देते."

हे आपल्या तोंडून गेलं याची मेंबरबाईंना पुलावर आल्यावर लाज वाटली. इतकी, की त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. कित्येक वर्षं त्या सभागृहात त्या हरत आल्या होत्या. रस्त्याचे दिवे मागितले, "नंतर बघू." दवाखाना मागितला, "नंतर बघू." त्याची सवय झाली होती, आणि हरण्याचीही एक ढब अंगवळणी पडते. पण हे तसलं नव्हतं. हे आपल्याला बुडवायचं ठरलं होतं, चहा-बिस्किटं खाऊन, दुपारच्या आत, आणि कुणाचा आवाजसुद्धा चढला नव्हता. पुलाखालचं पाणी तेव्हा अगदी शहाण्यासारखं वाहत होतं.

शहर त्यांना 'पलीकडचे' म्हणायचं. तेही शहराला पलीकडचंच म्हणायचे, त्यामुळे त्या बाबतीत फिटंफाट होती. आज्या-पणज्यांच्या काळात हा पूल बांधायला म्हणून ती माणसं आली, पूल झाला आणि ती राहिली. त्यांची बोली निराळी होती, प्रार्थना निराळी होती, आणि संख्या एवढीशी, की निवडणुकीत त्यांच्या वाट्याला एकच खुर्ची यायची. शहरानं जे दिलं नाही ते त्यांनी आपलं आपण केलं. शाळा केली. नर्स ठेवून दवाखाना केला. शिवणकाम, कुलपं, बेकरी, अशा एकेका धंद्यात असं नाव काढलं की शहरातल्या माणसाला नवा कोट हवा असला किंवा तिजोरी उघडेनाशी झाली की त्याला पूल ओलांडण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मग शहर म्हणायचं, यांचं तर सगळं छान चाललंय, यांना आणखी काय द्यायचं? म्हणजे बुडालो असतो तर बुडाले म्हणून विषय संपला असता, आणि तरलो म्हणून आमच्याकडे बघायची गरज उरली नाही, असं मेंबरबाई म्हणत. हसतच म्हणत, पण म्हणत.

या सगळ्याच्या मुळाशी त्यांची बैठकीची रीत होती. वस्तीचं काहीही ठरवायचं तर सगळे शाळेच्या मोठ्या खोलीत जमायचे आणि उभे राहायचे. बोलणं व्हायचं. ज्याला पटलं तो बसायचा. ज्याला पटलं नाही तो उभा राहायचा, आणि जोवर एक जण उभा आहे तोवर बैठक उठत नसे. बसलेल्यांनी उभ्या माणसापाशी जायचं आणि एकच प्रश्न विचारायचा, "काय अडलंय?" त्यानं सांगायचं, यांनी ऐकायचं, काही तरी इकडचं तिकडे करायचं. बैठक चालवणाऱ्यानं सगळ्यांत शेवटी बसायचं; तो बसला की ठरलं. हात मोजायचे नाहीत. मुळात आपण एवढेसे, त्यात आणखी कमी कशाला करायचे, असं ही रीत घालून देणारा म्हातारा म्हणाला होता म्हणे.

रीत वेळखाऊ होती यात शंका नाही. शाळेला रंग कोणता द्यायचा यावरून कुलपवाला एकदा दोन दिवस उभा राहिला होता. लोक जेवून यायचे, झोपून यायचे, हा उभाच. शेवटी कळलं की त्याचं रंगाशी काही वाकडं नव्हतं. रंग निवडायला त्याला कुणी बोलावलं नव्हतं, एवढंच अडलं होतं. त्याला बोलावलं. त्यानं तोच रंग निवडला. ही गोष्ट वस्तीत अजूनही हसून सांगतात, आणि सगळ्यांत मोठ्यानं कुलपवालाच हसतो.

मेंबरबाईंनी ठरावाची बातमी सांगितली त्या दिवशी मात्र खोलीत कुणी हसलं नाही. रडलंही नाही. बेकरीवाला एवढंच म्हणाला, "म्हणजे आपला बांध आपणच घालायचा." आणि सगळे बसले. इतक्या लवकर बैठक उठल्याचं कुणालाच आठवत नव्हतं. दहांची लाकडं, एकाचा भारा. माती वाहायला ट्रक कुणाचा, फावडी कुणाची, जेवण कुणाकडे, हे दारात चपला घालता घालता ठरलं. आखणी मेंबरबाईंच्या मुलानं करायची होती. तो इंजिनिअर झाला त्या दिवसापासून वस्तीत त्याचं मूळ नाव मागे पडलं होतं. आईसुद्धा रागात असली की त्याला 'अहो इंजिनिअर' म्हणायची.

रविवारी सकाळी आखणी सुरू झाली. इंजिनिअर पुढे खुंट्या ठोकत चालला होता आणि दोरीचं दुसरं टोक मेंबरबाईंच्या हातात होतं. सरळ रेष धरायची तर शिंपिणीनंच धरावी, असं म्हणून त्यांनीच ते मागून घेतलं होतं. शाळा मागे पडली, बेकरी मागे पडली. ऊन कोवळं होतं, माणसं कामाला लागली होती, आणि सभागृहातून आल्यापासून पहिल्यांदाच त्यांना मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटत होतं.

"ताण, आई!" इंजिनिअर लांबून ओरडला.

त्यांनी दोरी ताणली. दोरी जमिनीवरून उचलली गेली, थरथरली आणि सरळ झाली. मेंबरबाईंनी नजर तिच्यावरून पुढे नेली, आणि त्यांच्या पायाखालची वाळू सरकली. दोरी नदीच्या वळणाला वळसा न घालता नाकासमोर गेली होती. वळणावर थोरलीची लॉन्ड्री होती. धुतलेल्या पांढऱ्या चादरी तारांवर फडफडत होत्या, आणि सगळ्याच्या सगळ्या दोरीच्या पलीकडे होत्या.

थोरली म्हणजे मेंबरबाईंची जाऊ. त्यांच्या नवऱ्याच्या मोठ्या भावाची बायको. दोघे भाऊ आता राहिले नव्हते, दोघी जावा राहिल्या होत्या. नवरा गेला तेव्हा थोरलीनं नदीकाठी आपल्या घरापुढेच एक हौद बांधला आणि शहरातल्या खानावळीचे टेबलक्लॉथ धुवायला आणले. आता शहरातल्या इस्पितळाच्या चादरी तिच्याकडे यायच्या. वस्तीतल्या निम्म्या बायकांची पहिली नोकरी तिच्या इस्त्रीच्या टेबलापाशी झाली होती. आणि इंजिनिअर? तो तर तिथंच वाढला होता. मेंबरबाई मशीनवर बसायच्या आणि पोर मोठ्या आईकडे, चादरींच्या ढिगावर. आयुष्यातली पहिली रेघ त्यानं तिच्याच टेबलावर, तिच्याच खडूनं ओढली होती, आणि त्याबद्दल तिचाच धपाटा खाल्ला होता.

मेंबरबाई दोरीचं टोक हातात धरूनच त्याच्याकडे चालत गेल्या.

"दोरी चुकलीय."

"नाही चुकली."

"लॉन्ड्री बाहेर राहिली."

"हो." त्यानं हातोडा खाली ठेवला. तो आईच्या डोळ्यांत बघत नव्हता. "वळणावर खाली सगळी वाळू आहे, आई. वाळूवर बांध उभा राहत नाही. राहायला हवा तर पाया खोल न्यायला पाहिजे, आणि तेवढ्यात नदी चढेल. अर्धा बांध म्हणजे बांधच नाही. एक तर सरळ जायचं, नाही तर सगळ्यांनी बुडायचं."

"आणि ती?"

"शाळेमागे जागा देऊ तिला."

"तिथं पाणी आहे? हौद? चादरी काय वाऱ्यावर धुणार ती?"

"ते नंतर बघू."

मेंबरबाईंना कुणी तरी मुस्कटात मारल्यासारखं झालं. शब्द तेच होते. आवाज त्यांच्या पोटच्या पोराचा होता.

"तिला सांगितलंस?"

"तू सांगशील म्हणून थांबलो होतो," तो म्हणाला, आणि तेव्हा तो पुन्हा धपाटा खायच्या वयाचा दिसला.

सांगायची वेळ आली नाही. थोरली बाहेर आली होती. कमरेला रबरी एप्रन, बाह्या कोपरापर्यंत वर, कडेवर उशांच्या ओल्या अभ्र्यांची टोपली. तिनं खुंटीकडे बघितलं, मग दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर नेली, मग मागे वळून आपल्या घराकडे बघितलं. तिला कळायला वेळ लागला नाही. टोपली खाली ठेवून तिनं एक अभ्रा उचलला, झटकला आणि दोरीवर वाळत घातला.

"छान ताणलीय हं," ती म्हणाली. "आम्हाला इतकी सरळ कधी बांधता आली नाही."

"मोठी आई..." इंजिनिअर म्हणाला.

"वाळला की काढते. तुझं काम चालू दे."

ती आत गेली. अभ्र्यातून पाणी ठिबकत राहिलं आणि दोरीला मधोमध झोल आला. तो काढून टाकायचं धाडस दोघांपैकी कुणालाच झालं नाही.

दुपारी बैठक होती. आखणी दाखवायची, सगळ्यांनी बसायचं आणि दुसऱ्या दिवसापासून माती टाकायची, एवढंच काम. खोली भरून माणसं उभी होती. मेंबरबाई फळ्यापाशी उभ्या राहिल्या, कारण बैठक त्या चालवत होत्या. इंजिनिअरनं फळ्यावर नदी काढली, वळण काढलं आणि वळणाला छेद देणारी सरळ रेघ ओढली. वाळूचं सांगितलं. दिवस किती थोडे उरलेत ते सांगितलं. लॉन्ड्रीच्या जागी त्यानं काहीच काढलं नव्हतं, तिथं फळा काळा होता.

"पटलं त्यांनी बसा," मेंबरबाई म्हणाल्या.

बाकं करकरली. पुढच्या रांगा बसल्या, मग मागच्या. कुलपवाला बसला. थोरलीच्या हाताखाली काम करणाऱ्या दोन बायका एकमेकींकडे बघत घुटमळल्या, मग एक बसली, तिचा हात धरून दुसरी बसली. मास्तर, ज्यांनी तिथल्या निम्म्या लोकांना बाराखडी शिकवली होती आणि ज्यांच्याकडे खोलीची किल्ली असायची, ते काठी सावरत बसले.

थोरली खिडकीपाशी उभी राहिली.

आता कुणी तरी उठायला हवं होतं. कुणी तरी तिच्यापाशी जाऊन विचारायला हवं होतं. मेंबरबाई वाट बघत राहिल्या. लोक आपापल्या गुडघ्यांकडे बघत होते, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. काय अडलंय हे प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि म्हणूनच विचारायला कुणी उठत नव्हतं. विचारलं असतं तर ऐकावं लागलं असतं. मेंबरबाईंना वाटलं, आपण जावं. पण बैठक चालवणाऱ्यानं फळा सोडायचा नसतो, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. रीतही कधी कधी फार सोयीची असते.

"सकाळी ट्रक येतायत," इंजिनिअर हलकेच म्हणाला. "आज ठरलं नाही तर..."

"मग हात वर करून घेऊ या की," मागून बेकरीवाला म्हणाला. "शहरात चालतं ते. आपल्यालाच काय धाड भरलीय?"

खोलीत कुजबुज झाली.

"आपल्यात हात मोजत नाहीत," मास्तर म्हणाले. मग घसा खाकरून म्हणाले, "पण प्रसंगही तसा आलेला नव्हता म्हणा."

"एका घरापायी सगळी वस्ती घालवायची का?" कुणी तरी विचारलं. आवाज रागीट नव्हता, घाबरलेला होता. विचारणारी बाई पोटुशी होती आणि तिचं घर काठापासून दुसरं होतं.

इंजिनिअरनं आईकडे बघितलं. आईनं हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. तेवढं त्याला पुरलं.

"ज्यांना दोरी आहे तशी मान्य आहे, त्यांनी..."

हात वर गेले. मेंबरबाई बघत होत्या. हे सगळे त्यांच्या ओळखीचे हात होते. बेकरीवाल्याचा पिठाचा, कुलपवाल्याचा काळपट नखांचा, मास्तरांचा थरथरता. सगळ्या बाह्या त्यांच्याच हातच्या. पोटुश्या बाईची बाही तर त्यांनी गेल्याच आठवड्यात सैल करून दिली होती. हात तसेच वर गेले, जसे त्या सभागृहात गेले होते. कुणाचा सावकाश, कुणाचा खिडकीबाहेर बघत. ही आपली माणसं आहेत, यांना हे कुणी शिकवलं, असं त्यांच्या मनात आलं. आणि तेवढ्यात त्यांना आपल्या झंपराची उजवी बगल ओढल्यासारखी वाटली.

त्यांनी बघितलं. त्यांचा हात वर होता.

तो कधी गेला ते त्यांना कळलं नव्हतं. पण उगाच गेला नव्हता. त्यांना बांध हवा होता. आपलं घर कोरडं राहायला हवं होतं, मशीन, कापडाचे तागे, पोरगं, सगळं दोरीच्या या बाजूला हवं होतं. सभागृहातल्या त्या तरुण सभासदालाही असंच काही तरी हवं असणार. हात खाली घ्यावा हे कळत होतं आणि तो खाली येत नव्हता.

थोरली त्यांच्याकडे बघत होती. इतक्या हातांतून नेमकी त्याच एका हाताकडे. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मेंबरबाईंनी तो झेलला असता. जावाजावांचं भांडण काय, आयुष्यभर केलं होतं. पण ती नुसतीच बघत होती, धुवायला आलेल्या चादरीवर जाणार नाही असा डाग निघाला तर बघावं तशी.

"मोजू नकोस रे," ती इंजिनिअरला म्हणाली. "बसते मी. आपल्या खोलीत मोजामोजी नको."

ती खिडकीपासून निघाली, शेवटच्या बाकाच्या कडेला आली आणि बसली. बसता बसता मेंबरबाईंना म्हणाली, "हात खाली घे गं. अवघडेल."

खोलीनं एकदम श्वास सोडला. कुणी डोळे पुसले, कुणी उगाचच खोकलं. पोटुशी बाई हुंदके देऊन रडायला लागली आणि शेजारणीनं तिला जवळ घेतलं. "मनाची मोठी हो, थोरली," कुणी तरी म्हणालं. बेकरीवाल्यानं जाहीर केलं की लॉन्ड्रीतलं सामान हलवायला तो स्वतः येईल, पोरांना घेऊन येईल, एक बादली मागे राहू देणार नाही. दोघं-तिघं आणखी म्हणाले, आम्हीपण. सगळे खरंच येणार होते, त्यात खोटं काही नव्हतं. मागच्या बाकांवर शाली गोळा व्हायला लागल्या, चपलांचा शोध सुरू झाला. मास्तरांनी खिशातून किल्ली काढली.

इंजिनिअरनं आईच्या मागे खुर्ची सरकवली. तिची कड मेंबरबाईंच्या गुडघ्यांना मागून लागली.

"बस, आई. झालं."

मेंबरबाईंचे पाय सकाळपासून दुखत होते. खुर्ची तिथंच होती, फक्त गुडघे वाकवायचे होते. त्यांनी फळ्याकडे बघितलं. नदी, वळण, रेघ. त्यांनी समोर बघितलं. सगळे त्यांच्या बसण्याची वाट बघत होते, दारापाशी पोचलेले पाठमोरे थांबले होते.

"आई?"

त्यांना अध्यक्षांचा चेहरा आठवला, चष्मा पुसतानाचा. तो माणूस त्या दिवशी घरी जाऊन नीट जेवला असेल. झोपलाही असेल.

"मेंबरबाई, बसा की," मास्तर म्हणाले. "लोकांना कामं आहेत."

त्या बसल्या नाहीत.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. वाटलं, दमल्यात, बसतील. मग एकेक जण गप्प झाला. दारापाशी गेलेला कुलपवाला परत फिरला आणि आपल्या बाकावर येऊन टेकला. शाली पुन्हा मांडीवर आल्या. इंजिनिअरच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. त्यानं खुर्चीची पाठ घट्ट धरली होती, जणू तीच पळून जाईल.

"आई, वेळ नाहीये गं," तो अगदी हळू म्हणाला. "खरंच नाहीये."

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या.

"मग?"

वाळू खोटी नव्हती. नदी खोटी नव्हती. दुसरी वाट त्यांच्याकडे नव्हती. आपण का उभ्या आहोत हे त्यांना स्वतःलाही धड सांगता आलं नसतं. फक्त बसवत नव्हतं.

रीत सगळ्यांना पाठ होती आणि आपल्या जागेवरून उठणारं कुणी नव्हतं.

मग शेवटच्या बाकावरून थोरली उठली. गुडघ्यांवर हात टेकून, कण्हत, वेळ घेत उठली. बाकांच्या मधून वाट काढत ती फळ्यापर्यंत आली. हात कोरडेच होते, तरी सवयीनं तिनं ते कमरेच्या एप्रनला पुसले आणि धाकट्या जावेच्या समोर उभी राहिली.

"काय अडलंय गं?" तिनं विचारलं.